दोननंतर

एक

रुंजीच्या झबल्यावर खांद्याजवळ एक हिरवं बटण होतं आणि जुईच्या उजव्या कानात एक बाई होती.

बाई दिसायची नाही, नुसती कुजबुजायची. सकाळी रुंजीनं डोळे उघडले, की जुईच्या कानात पहिलं वाक्य पडायचं.

म्हणा: दोन डोळे उघडले.

"दोन डोळे उघडले," जुई म्हणायची.

म्हणा: नाक मात्र एकच.

"नाक मात्र एकच."

रुंजी खुदकन हसायची आणि बटण आणखी थोडं हिरवं व्हायचं. मग मोजे. मग वाटी-चमचा. मग गॅलरीतल्या कुंड्या, कुठली मोठी, कुठली लहान, कुठल्या कुंडीत पाणी जास्त झालं. दिवस असा सरकायचा. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या उंच इमारतीत ज्या ज्या घरात तान्हं मूल होतं, त्या त्या घरात दिवस असाच सरकायचा. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या आयांच्या माना किंचित उजवीकडे कललेल्या असायच्या, आणि मुलाशी बोलण्याआधी त्या श्वासभर थांबायच्या. आधी कानातलं ऐकायचं, मग बोलायचं. नव्यानं राहायला आलेल्या एका आजोबांना वाटलं होतं, इथल्या सगळ्या सुनांना एकदमच मानेचं दुखणं लागलंय.

यंत्राचं नाव कुजबुज. त्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती.

माणसाचं मूल थोडं आणि जास्त हे फार लवकर ओळखतं. काही महिन्यांच्या बाळाला ठिपक्यांची चित्रं दाखवली, एकात आठ आणि दुसऱ्यात सोळा, तर फरक त्याला कळतो; आठ आणि नऊ यांतला कळत नाही. तिथून पुढं जायला शब्द लागतात. आणि ते शब्द तक्त्यावरून किंवा पाढे घोकून येत नाहीत, घरातल्या साध्या बोलण्यातून येतात. अजून एक घास. तुझी वाटी भरली, बाबांची अर्धीच. ज्या घरात असं बोलणं जास्त, तिथली मुलं पुढं गणिताला बिचकत नाहीत, हे जुनंच होतं. कुजबुजवाल्यांनी त्यात भर घातली ती वेळेची. मूल एखाद्या वस्तूकडे नजर वळवतं, त्या क्षणी म्हणे त्याच्या मेंदूत एक खिडकी उघडते आणि लगेच मिटते. तेवढ्यात शब्द आत पडला तर तो रुजतो. बटणाला डोळा होता, कान होता. मूल आता कुठं बघणार हे ताडून ते आईच्या कानात नेमकं वाक्य सोडायचं. म्हणायचं मात्र आईनंच. यंत्र थेट बोललं तर मूल ढुंकूनही बघत नाही, हे तपासून झालं होतं. माहितीपत्रकावर चित्र होतं, एका बाजूला बटण, दुसऱ्या बाजूला बाळ आणि मधे एक बाई. बाईच्या खाली लिहिलं होतं, 'माध्यम'.

जुई मुळात बडबडी. रुंजी पोटात असताना ती तिला घोरपडीची गोष्ट सांगायची. पांडवलेण्यांच्या डोंगरावर राहणारी, विमा विकणारी घोरपड. गोष्टीला शेंडा नव्हता की बुडखा नव्हता. दर दुपारी घोरपड नवी भानगड करून ठेवायची. जुईचा नवरा तन्मय म्हणायचा, पोरगी बाहेर येईल ती पॉलिसी घेऊनच येईल. बटण लागल्यापासून घोरपड मागं पडली. तिच्या गोष्टीत आकडे नव्हते.

रुंजी दीड वर्षांची झाली. एका दुपारी कानातली बाई चार्जिंगला लावलेली होती, आणि गॅलरीच्या कठड्यावर एक ऐटबाज कावळा येऊन तंगड्या टाकत चालायला लागला.

"बघ गं, कसा चालतोय," जुई म्हणाली. "सासऱ्याचे बूट घालून आल्यासारखा."

रुंजी पुढ्यातले कपड्यांचे चिमटे लावत होती. तिनं मान वर केली नाही.

जुईनं हाक मारली. पुन्हा मारली. टाळी वाजवली. खाली वाकून, अगदी कानाशी जाऊन, लाडाची सगळी नावं घेतली. रुंजीच्या चेहऱ्यावर साधी सुरकुती उमटली नाही. आत स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, डोक्यावर पंखा होता आणि शेजारी आई होती. तिघांचा आवाज तिला सारखाच.

कठड्यावर दुसरा कावळा येऊन बसला. जुईच्या तोंडून नकळत गेलं, "दोन कावळे."

रुंजीनं झटक्यात मान वळवली आणि आईकडे बघून तोंडभर हसली. जणू आई आत्ताच बाहेरून घरी आली होती.

दोन

कानाच्या डॉक्टरांनी ऐकू येतंय म्हणून सांगितलं, उत्तम येतंय. मग घरी आल्या त्या कुजबुजच्या काळसेकर मॅडम. त्यांना 'संवादमित्र' म्हणत. बाई मऊ बोलायच्या, चहा अर्धाच घ्यायच्या, आणि कुणाच्याही घरातल्या बाळाला नावानं ओळखायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, यात घाबरण्यासारखं काही नाही. मेंदू लहान वयात छाटणी करतो. ज्या आवाजातून काही मिळतं त्याच्या वाटा राखतो, बाकीच्या बुजवून टाकतो. रुंजीला आकड्यांच्या बोलण्यातून दर वेळी काहीतरी मिळालं, बरोबर त्या क्षणी मिळालं. म्हणून ते बोलणं तिला लख्ख ऐकू येतं. बाकीचं मागं पडतं.

"म्हणजे मी मागं पडते," जुई म्हणाली.

"तुम्ही तर तिचा सगळ्यात आवडता आवाज आहात."

"आकडे असले तर."

मॅडमनी कप खाली ठेवला. मोठं होता होता हे सैल होईल, असं आमच्या लोकांना वाटतं, त्या म्हणाल्या. वाटतं म्हणजे काय, हे जुईनं विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की पहिली बटणं लावलेल्या मुलांतलं एकही अजून चार वर्षांच्या पुढं गेलेलं नाही. आणि मधेच सोडलं तर? ते कुणी करून बघितलेलं नाही. आकडेही बंद झाले तर मूल कशाकडे वळेल, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

बटण काढायचं म्हटलं तर रुंजीशी बोलायची उरलेली एकच वाट बंद व्हायची. ठेवायचं म्हटलं तर ती एकच वाट उरायची. जुई त्या दोन्हींच्या मधे उभी होती, आणि मधे उभं राहण्याची तिला आता सवय झाली होती.

तन्मयला यातलं निम्मंच ऐकू गेलं. द्राक्षांच्या शीतगृहात तो सुपरवायझर होता. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीच्या पेपरनं त्याचा बळी घेतला होता. बाकी सगळे विषय सुटले, गणिताचा तेवढा राहिला तो राहिलाच, आणि वर्गातली पोरं पुढं निघून गेल्यावर त्यानं कॉलेजकडे पाठ फिरवली. रुंजीचं असं होऊ द्यायचं नाही, यावर तो अडून बसला होता. टेकडीवरच्या त्या नव्या शाळेत ज्यांचं बटण सतत हिरवं राहिलं त्यांनाच घ्यायचे. पिवळं पडलेल्यांची नावं यादीत खाली सरकायची. आता वर्षभराचा तर प्रश्न होता.

त्यावरून त्यांचं भांडण झालं. पण रुंजी तिथंच चिमटे घेऊन बसलेली होती, बटण चालू होतं, आणि आकड्यांवाचून बोलणं लांबलं की ते पिवळं व्हायचं. तेव्हा भांडायचं तेही त्या बेतानंच.

"दिवसभर मी तिच्याशी बोलते," जुई म्हणाली. "त्यातलं माझं किती?"

"सगळं तुझंच की."

"शून्य. त्यातलं शून्य माझं."

"शून्य म्हणू नकोस."

"मग किती म्हणू? पाव म्हणू? चिमूटभर म्हणू?"

"शून्य काय असतं ते एम-थ्रीला बसून बघ एकदा, म्हणजे कळेल."

"चार वेळा बसलास ना? तूच सांग."

"पाच," तन्मय म्हणाला.

रुंजीनं टाळ्या पिटल्या. तिच्या खांद्यावरून टिंग असा आवाज आला, आणि तन्मयच्या फोनवर संदेश उमटला, की या आठवड्यातला सर्वोत्तम संवाद आत्ताचा. तो वाचून दोघांना हसू फुटलं. जुईचं आधी थांबलं.

दोन आणि एक

तन्मयच्या आईंच्या, सुनंदाताईंच्या हातून ताटात तीन पोळ्या एकदम कधी पडल्या नाहीत. अशुभ म्हणून. त्यांच्या आईनं वाढल्या नव्हत्या, सासूनं वाढल्या नव्हत्या, त्याही वाढत नव्हत्या. दोन वाढायच्या, पाठ फिरवून तव्याकडे जायचं, जराशानं परत यायचं आणि मग एक. किती घेतल्यास म्हणून विचारलं तरी उत्तर तसंच, दोन आणि एक. बँकेत जन्म काढलेली बाई, हिशेबाला पक्की, पण ताटावर हा आकडा तिच्या तोंडून निघायचा नाही.

कानातली बाई ताटाकडे बघून हटून बसायची.

म्हणा: तीन पोळ्या.

जुई सासूसमोर ते म्हणू शकायची नाही. बाई पुन्हा म्हणायची. मग पुन्हा. काळसेकर मॅडमच्या कानावर ही गोष्ट गेली. त्या मुद्दाम जेवणाच्या वेळी आल्या आणि सुनंदाताईंना हात जोडून म्हणाल्या, "आजी, एवढं तीन म्हणा हो. मुलीच्या आकड्यांच्या ओळीत खड्डा पडतोय."

"ताटावर नाही म्हणणार," सुनंदाताई म्हणाल्या. "जिन्यात जाऊन म्हणते हवं तर. तुम्ही पण चला सोबत."

मॅडमना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

शेवटी तोड निघाली. सुनंदाताईंनी रुंजीच्या ताटलीत छोट्या दोन पोळ्या वाढायच्या आणि जुईनं म्हणायचं, एक, दोन. मग आजी तव्याकडे जाणार, परत येणार, पोळी ठेवणार, आणि बाहेरच्या खोलीतून तन्मय ओरडणार, तीन. त्याच्यावर बंदी नव्हती. त्याच्यासमोर ताट नव्हतं.

या तडजोडीचं रुंजीनं काय केलं, ते कुणाच्याच मनात आलं नव्हतं. इतर मुलांना एक, दोन, तीन एका दमात मिळायचं. रुंजीला दोननंतर थांबावं लागायचं. दोन ऐकलं, की तिचा हात हवेत राहायचा, ओठ किंचित उघडायचे, डोळे मोठे व्हायचे, सगळं अंग स्तब्ध. तव्यावरची पोळी फुगायला वेळ लागला तरी ती हलायची नाही. आणि बाहेरून तीन आलं, की टाळ्या पिटून पुन्हा जेवायला लागायची. मॅडमनी हा दोष म्हणून कळवला. सुनंदाताई म्हणाल्या, पोरीला धीर आहे, बापासारखी नाही.

जुईला ते बघवायचं नाही. कुणीतरी तेवढ्यापुरतं आपल्या पोरीला भिंतीला टांगून ठेवलंय, असं तिला वाटायचं.

चार

उन्हाळ्यात सुनंदाताईंनी कुरडयांचा घाट घातला. गव्हाचा चीक शिजवून पातेलं गच्चीवर नेलं, प्लास्टिकचे लांबच लांब कागद अंथरले आणि सोऱ्यानं कुरडया घालायला बसल्या. जुई कडेनं चीक भरून देत होती. रुंजीला वाटीत गरम चीक, वर दूध-साखर. ती ओल्या ओळींच्या पलीकडच्या अंगाला सावलीत बसून खात होती. कानातली बाई खूश होती. पांढऱ्या गोल कुरडया, रांगाच्या रांगा, मोजायला रान मोकळं.

गच्चीच्या एका कडेचा कठडा सोलर पॅनल वर ओढायला म्हणून पाडलेला होता. तिथं आडवा दोर बांधून त्याला लाल फडकं अडकवलेलं. कामगार जेवायला खाली गेले होते. दोर मोठ्या माणसाच्या कमरेइतका उंच होता.

रुंजी कधी उठली ते दोघींनाही कळलं नाही. कानातल्या बाईनं सांगितलं म्हणून जुईला कळलं.

म्हणा: फडकं लाल. फडकं लहान, आकाश मोठं.

जुईनं मान वर केली. रुंजी दोराच्या दिशेनं चालत निघाली होती, तिच्या त्या डुलत्या चालीनं, हातात चमचा घेऊन.

"रुंजी, थांब!"

सुनंदाताईही ओरडल्या. दोघींचे आवाज गच्चीभर फुटले. खाली रस्त्यावर कुणीतरी वर बघितलं असेल. रुंजीनं बघितलं नाही. वारा होता, पाण्याच्या टाकीची मोटर होती, आई होती, आजी होती. जुई उठून धावली आणि पहिलंच पाऊल ओल्या कुरडयांवर पडलं. पाय निसटला, गुडघे आपटले, चीक हाताला माखला. रुंजी दोरापाशी पोचली. दोराखालून जायला तिला वाकावंही लागलं नाही.

म्हणा: खाली गाड्या. खाली किती गाड्या?

जुई गुडघ्यांवर होती. धावून उपयोग नव्हता, पोचणार नव्हती. आरडाओरडा ऐकणारं तिथं कुणी नव्हतं. तिनं आवाजातली सगळी थरथर गिळली आणि रोजच्या जेवणाच्या स्वरात म्हटलं,

"एक."

रुंजीचं पाऊल थांबलं.

"दोन."

तिनं मान वळवली. चमच्याचा हात हवेत राहिला. ओठ किंचित उघडले. तिच्या पाठीमागं नुसतं आकाश होतं.

जुई उठली. हळू चालायला लागली, कागदाच्या मधून, ओळी तुडवत. पळाली असती तर रुंजी दचकली असती, किंवा हसून खेळात पळाली असती. ती आता फक्त एकाच गोष्टीची वाट बघत होती, आणि ती गोष्ट मिळाली असती तर ती टाळ्या पिटून पुन्हा गाड्यांकडे वळली असती.

म्हणा: तीन.

जुई चालत होती.

म्हणा: तीन. म्हणा: तीन.

शेकडो दिवस त्या बाईनं 'म्हणा' म्हटलं की म्हणणारं ते तोंड. आकडा दातांच्या मागं येऊन थांबला होता, आणि तिनं दात आवळून धरले होते. मागं सुनंदाताईंनी स्वतःची मूठ तोंडात कोंबली होती. त्यांना ते सोपं गेलं असावं.

म्हणा: तीन.

लाल फडकं जुईच्या पोटाला लागलं. तिनं वाकून दोन्ही हातांनी रुंजीला उचललं आणि मागं सरकली, मागं, आणखी मागं, टाकीला पाठ लागेपर्यंत. मग तिथंच खाली बसली.

रुंजी तिच्या गळ्यापाशी तोंड लावून अजून वाट बघत होती. कुणी काही म्हणेना, तेव्हा तिनं स्वतःच म्हणून टाकलं.

"तीन."

तिच्या खांद्यावर टिंग वाजलं.

तीन

कुणी न सांगता, मुलानं स्वतःहून म्हटलेला पहिला आकडा. कुजबुजमध्ये या क्षणाला फार मोल होतं. अभिनंदनाचा संदेश सुनंदाताई गच्ची उतरायच्या आधी आला.

काळसेकर मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. जुईनं त्यांना सगळं सांगितलं, दोर, फडकं, गाड्या किती हे विचारायला लावणारी बाई. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी जुईचा हात धरला, डोळे पुसले, आणि हे वर कळवायलाच हवं म्हणाल्या. खोटं वागणाऱ्यातल्या नव्हत्या त्या. त्यांनी खरंच कळवलं. उंचावर बटणानं धोक्याची सूचना द्यावी, हे त्यांनीच ठासून लिहिलं, आणि तशी सुधारणा झालीही. पण कळवताना त्यांनी सगळंच कळवलं.

काही आठवड्यांनी जुई रुंजीला भाताचे घास भरवत होती.

म्हणा: एक.

"एक."

म्हणा: दोन.

"दोन."

आता थांबा.

जुईचा घास हातातच राहिला. बाई गप्प होती. ती गप्प बसायला शिकली होती. कधी, किती वेळ, ते मोजून. गच्चीवरचं ते एकच होतं जे जुईला कुणी सांगितलं नव्हतं. न बोलणं. त्या सगळ्या महिन्यांत तिनं स्वतःच्या अकलेनं केलेली एकच गोष्ट. आता तीही कानातून येत होती.

संध्याकाळी ती रुंजीला घेऊन खालच्या बागेत गेली. घसरगुंडीपाशी आया उभ्या होत्या, माना उजवीकडे.

"एक, दोन," एक आई म्हणाली आणि थांबली.

घसरगुंडीच्या माथ्यावर तिचा मुलगा पुतळ्यासारखा झाला. पलीकडे झोपाळ्याजवळ आणखी एक, दोन. वाळूत आणखी कुठं. एकेक करत बागेतली सगळी लेकरं जिथल्या तिथं थिजली, कुणाचा पाय उचललेला, कुणाची मूठ वाळूनं भरलेली, कुणाच्या नाकाशी माशी. तोंडं उघडी. बागेत इतकं शांत झालं की जुईला रस्त्यापलीकडच्या रसवंतीची घुंगरं ऐकू आली.

मग सगळ्यांचं तीन झालं आणि कलकलाट सुरू झाला. आया एकमेकींकडे बघून कौतुकानं हसल्या. एकीनं जुईला हाक मारून सांगितलं, हे नवीन फारच छान आलंय, नाही का, पोरं कशी हातात राहतात.

एक

रविवारी उशिरा, अंघोळी आटपल्यावर, जुईनं कानातली बाई काढली, शेंगदाण्यांच्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं. बटण मात्र तिनं रुंजीच्या झबल्यावर तसंच ठेवलं. तिला हे लपूनछपून करायचं नव्हतं.

ती फरशीवर रुंजीसमोर बसली. रुंजी चिमट्यांची रांग लावत होती.

"घोरपडीची गोष्ट सांगू?" जुई म्हणाली.

रुंजीनं निळा चिमटा उचलला.

"पांडवलेण्यांच्या डोंगरावर राहायची. विमा विकायची."

काहीच नाही. स्वतःचा आवाज जुईला परका वाटत होता, जुन्या कपाटातून काढलेल्या स्वेटरसारखा. तिनं पुढं रेटलं. डोंगर, पायऱ्या, माकडं, घोरपडीची बॅग. वाक्यं रुंजीच्या अंगावर पडून घरंगळत होती. बटणाचा हिरवा रंग फिका व्हायला लागला. जुई थांबली, नाक ओढलं, आणि कुठल्याही घरात गोष्ट जशी सुरू होते तशी तिनं ती पहिल्यापासून सुरू केली.

"एक होती घोरपड."

रुंजीचा हात थांबला.

तिनं मान वळवली. ओठ किंचित उघडले, डोळे मोठे झाले. ती आईच्या तोंडाकडे बघत होती. दोनची वाट बघत होती.

जुईला ते बघणं ओळखीचं होतं. गच्चीवरचं. बागेतलं. हा फास दुसऱ्या कुणीतरी विणला होता आणि पोर त्यात अडकली होती, आणि आता आपणही त्याचंच टोक धरतोय, हे तिला कळत होतं. तिनं ते धरलं.

"ती भिंतीला चिकटली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "किल्ल्याच्या उंच भिंतीला. खालून लोक बघायचे. म्हणायचे, काय ही पकड, काय ही चिकाटी. तिचे फोटो काढायचे. तिला हार पाठवायचे."

बटण पिवळं झालं.

आतल्या खोलीत तन्मयचा फोन गुरगुरला. तो हातात फोन घेऊनच दारात आला. त्यानं बटण बघितलं, जुईचा रिकामा कान बघितला. यादीत नाव खाली सरकायला लागलं होतं. हातातल्या पडद्यावर त्याला ते सरकताना दिसत होतं. एकच शब्द लागणार होता. तो त्यानंही म्हटला असता तरी चाललं असतं. त्याचं तोंड उघडलं.

जुईनं त्याच्याकडे बघितलं आणि गोष्ट थांबवली नाही.

"आणि तिला काय सांगायचं होतं माहितीये? तिला सांगायचं होतं, अहो, मला उतरता येत नाहीये. पण तोंड उघडलं तर पकड सुटेल. म्हणून ती गप्प. लोक म्हणायचे, बघा, किती शांत आहे."

रुंजी हलत नव्हती. आकड्याची वाट बघत होती की घोरपडीची, ते जुईला कळायला मार्ग नव्हता. पण तिचे डोळे आईच्या ओठांवर होते, आणि कितीतरी दिवसांनी तिथं फक्त आईचे शब्द होते.

तन्मय दारात उभा होता, उघड्या तोंडात तो एक शब्द धरून. फोन पुन्हा गुरगुरला. त्यानं तोंड मिटलं. मग भिंतीला पाठ लावून हळूच खाली बसला, फोन फरशीवर पालथा ठेवला, आणि चिमट्यांच्या रांगेला धक्का लागणार नाही अशा बेतानं पाय पसरले.

"मग?" तो म्हणाला.